हातचाल

सकाळी साडेआठला शालन वाकचौरे नोंदणीच्या खिडकीचं कुलूप काढायची, पंखा लावायची आणि खुर्चीत बसता बसता टेबलावरच्या राखाडी डब्याला म्हणायची, "चल बाबा, यादी लाव."

"नमस्कार शालनताई. या आठवड्याची यादी लावली आहे," डबा समजूतदार आवाजात म्हणायचा. "छत्तीस रुग्णांना पाळी मिळाली. आठ प्रतीक्षेत आहेत. सर्वांना दूरध्वनी करत आहे."

आंबेरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्तशुद्धीची सहा यंत्रं होती. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा चार-चार तास त्या यंत्राला जोडून घ्यावं लागतं. दिवसाला दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस. एवढ्यात छत्तीस माणसं बसत. सदतिसाव्याला जागा नव्हती.

पूर्वी ही यादी शालन रेघा मारलेल्या वहीत लावायची आणि दर सोमवारी तिचं डोकं दुखायचं. मग तो डबा आला. कागदोपत्री त्याचं नाव 'वाणीनियंता', पण तालुक्यात सगळे त्याला सांगकाम्या म्हणत. आपण आपल्या बोलीत काय हवं ते सांगायचं. त्यावरून संगणकाने पायरीपायरीने काय करायचं याची आज्ञावली तो स्वतःच लिहायचा, दोन-चार सेकंदांत, आणि लगेच कामाला लावायचा. एसटीच्या आगारात, तलाठ्याच्या कचेरीत, दूधसंघात, सगळीकडे हाच डबा होता. आज्ञावली हाताने लिहायची असते हे लोक विसरूनही गेले होते. शाळांतून संगणकाचा तास बंद होऊन सहा वर्षं झाली होती आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. शालनची तर मुळीच नव्हती.

जूनच्या अखेरीस एका मंगळवारी हौसाबाई भांगरे खिडकीशी आल्या. साठीच्या आसपासच्या, हिरवं लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला. पिंपळकडा नावाच्या वरच्या डोंगरातल्या वाडीहून त्या आल्या होत्या. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी त्यांना उपचारांचे कागद हवे होते.

"नाव काय मावशी त्यांचं?"

"बुधा भांगरे. इथं येत व्हतं ते. सोमवार आन् गुरुवार."

बुधाकाका. डोक्याला लाल मुंडासं बांधणारे, यंत्राला जोडलेलं असताना डोळे मिटून पुटपुटत राहणारे. मे महिन्याच्या शेवटी ते खिडकीशी आले होते आणि तिने सांगितलं होतं, "काका, या आठवड्यात यादीत नाव नाही. पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, पाय सुजलेले, धाप लागलेली. तेव्हाही नाव नव्हतं. तिने जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. पिंपळकड्याहून तिथे जायला तीन गाड्या बदलाव्या लागत.

"जिल्ह्याला नेलं नाही का?"

"नेत व्हतो की. घाटात गेलं." हौसाबाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. कागद हातात घेऊन त्यांनी नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "बाई, एक इचारू? त्यांचा लंबर सहावा व्हता. ते सगळ्यांना सांगायचं, माझा सहावा लंबर हाय म्हून. मंग काय झालं?"

शालनने पडद्यावर बघितलं. नावापुढे एक्केचाळीस होतं.

"यंत्रानं ठरवलं मावशी," ती म्हणाली. हौसाबाईंनी मान हलवली आणि त्या बसस्थानकाकडे गेल्या.

दुपारी खिडकी बंद झाल्यावर शालनने डब्याला विचारलं, "बुधा भांगरे सहावरून एक्केचाळीसवर का गेले?"

"रुग्ण बोलावण्याला प्रतिसाद देत नसल्यामुळे क्रम बदलला."

"अरे, ते तर प्रत्येक वेळी यायचे."

"क्रम आपण दिलेल्या सूचनेनुसार ठरला आहे. सूचना बदलायची आहे का?"

"मी कधी दिली अशी सूचना?"

"आपण आजवर एक हजार एकशे बारा सूचना दिल्या आहेत. कोणती ऐकवू?"

वैद्यकीय अधीक्षक डॉ. निरगुडे यांच्याकडे ती गेली. त्यांनीही डब्याला तेच विचारलं, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. "नियमानुसार झालंय म्हणतोय ना," ते थकलेल्या आवाजात म्हणाले. त्यांच्याकडे दोन डॉक्टरांची जागा वर्षभर रिकामी होती. "माणूस तेव्हा तसाही फार दिवसांचा सोबती नव्हता, शालनताई."

ती घरी गेली. जेवली. पण ते वाक्य तिला पटेना, आणि का पटत नाही हेही सांगता येईना.

नगरपालिकेच्या वाचनालयाबाहेर एक जुना फलक होता. रोज त्याच्यासमोरून जाऊनही तिने तो कधी वाचला नव्हता. 'संगणकासाठी सूचना कशा लिहाव्यात. प्राथमिक वर्ग. शनिवार-रविवार, दुपारी तीन. संगणक आणू नये.'

वर्ग घेणाऱ्या नजमा मुजावर बहात्तर वर्षांच्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी तंत्रनिकेतनात हाच विषय शिकवला आणि विषयच बंद पडला तेव्हा निवृत्त झाल्या. वर्तमानपत्रांच्या खोलीत लांब टेबलाशी त्यांच्यासमोर एकच विद्यार्थी बसलेला होता. गुलाबराव नावाचे एसटीतून निवृत्त झालेले वाहक. "डोकं चालतं राहावं म्हणून येतो," त्यांनी शालनला सांगितलं.

मॅडमनी एक पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. आत शर्टाची बटणं होती.

"यातलं सगळ्यात मोठं बटण शोधायचंय. पण तू नाही शोधायचंस. गुलाबराव शोधतील. ते यंत्र आहेत. तू लिहिशील तेवढंच करतील. एका वेळी दोनच बटणं बघू शकतील."

शालनने कागदावर लिहिलं, 'मोठं बटण उचला.'

गुलाबराव हात बांधून बसून राहिले. "कशाहून मोठं?" ते म्हणाले. त्यांना ही भूमिका आवडत असावी.

अर्धा तास गेला. चार कागद चुरगळले. पाचव्यावर तिने लिहिलं, 'पहिलं बटण हातात घ्या. डब्यातलं दुसरं काढा. ते हातातल्यापेक्षा मोठं असेल तर हातातलं बाजूला टाका आणि नवं धरा. डबा रिकामा होईपर्यंत हेच करत राहा.' गुलाबरावांनी एकेक बटण काढलं, टाकलं, धरलं. शेवटी त्यांच्या तळहातावर स्वेटरचं मोठं तपकिरी बटण राहिलं. शालनला इतका आनंद झाला की तिचा तिलाच अचंबा वाटला.

"'असेल तर' ही अट," मॅडम म्हणाल्या. "'होईपर्यंत' हे आवर्तन. आणि गुलाबरावांच्या हातातली जागा म्हणजे चल. जागा एकच, आतली वस्तू बदलत राहते. मोठमोठ्या यंत्रणा या तीन गोष्टींवर चालतात." मग त्यांनी सगळी बटणं काढून घेतली आणि रिकामा डबा गुलाबरावांपुढे सरकवला. "आता तीच सूचना चालवा."

गुलाबरावांनी डब्यात हात घातला. "पहिलं बटण हातात घ्या म्हणताय. बटणच नाही."

"रिकामा डबा कोण देणार मॅडम?" शालन हसून म्हणाली.

"कुणीतरी देतंच." मॅडम हसल्या नाहीत. "'हे तर उघडच आहे' असं जिथे वाटेल, तिथे पेन्सिल थांबव. यंत्राला काहीच उघड नसतं. जे सांगायचं राहून जातं, ते यंत्र स्वतःच्या सोयीने भरून घेतं."

शालन दर शनिवार-रविवार जाऊ लागली. मॅडमची एक पद्धत होती. त्या पद्धतीला त्यांनी नाव दिलं होतं हातचाल. यंत्र जे झरझर करतं ते आपण कागदावर हाताने चालवायचं. एकेक ओळ घ्यायची, ती ओळ झाल्यावर कोणत्या चलात काय आहे ते रकान्यात लिहायचं, मगच पुढची ओळ. घाई करायची नाही, मनाने पुढे उडी मारायची नाही. शालन रात्रीची भांडी झाल्यावर नव्हे, पहाटे पाचला उठून गृहपाठ करायची. इंग्रजी अक्षरांतले ते तुटक शब्द, कंस, उभ्या-आडव्या खुणा आधी डोळ्यांना टोचायच्या. मग हळूहळू त्यांतून अर्थ वर यायला लागला. शेहेचाळीसाव्या वर्षी आपण काहीतरी नव्याने वाचायला शिकतोय ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही.

पण का शिकतेय हे मॅडमना सांगावं लागलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "डब्याला विचारलंस?"

"विचारलं. तो म्हणतो प्रतिसाद दिला नाही."

"ज्याने अर्थ लावला त्यालाच अर्थ विचारून काय होणार? तो स्वतःचा समज पुन्हा सांगणार. आज्ञावली मागून घे. सार्वजनिक यंत्रणेची आज्ञावली मागणाऱ्याला छापून द्यावी लागते. नियम आहे. कुणी मागत नाही एवढंच."

ऑगस्टमध्ये शालनने मागितली. डब्याने विनातक्रार नऊ पानं छापली. तिने ती मॅडमपुढे ठेवली, तेव्हा मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी नाही वाचणार. प्रश्न तुझा आहे. सांग, प्रश्न काय?"

"बुधाकाका का मेले?"

"हा फार मोठा आहे. तुकडे कर."

"त्यांचा क्रमांक सहाचा एक्केचाळीस कसा झाला?"

"अजून."

"क्रमांक बदलणाऱ्या ओळी कोणत्या. त्या कधी चालतात. कशावरून चालतात."

"आता वाच," मॅडम म्हणाल्या.

क्रमांक बदलणारी जागा सातव्या पानावर सापडली. तिथे एक अट होती. 'न_आले' नावाच्या चलाचा आकडा तीन किंवा जास्त असेल, तर रुग्णाला यादीच्या शेवटी टाक. मग हा 'न_आले' वाढतो कुठे? ते पाचव्या पानावर होतं. आदल्या दिवशी दूरध्वनी करायचा, आणि उत्तर 'हो' असं आलं नाही, तर 'न_आले' मध्ये एक मिळवायचा.

शालनची पेन्सिल थांबली.

पिंपळकड्याला मोबाइलचा एकच मनोरा होता आणि तो वारा सुटला की बंद पडायचा. फोन लागलाच नाही तरी उत्तर 'हो' आलं नाही असाच त्याचा अर्थ होत होता. माणूस दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहिला की नाही, हे आज्ञावली कुठेच बघत नव्हती.

"आणि हा आकडा कमी कुठे होतो?" मॅडमनी विचारलं.

तिने नऊही पानं पुन्हा चाळली. ओळ न् ओळ, बोट ठेवून. तासभर.

"कुठेच नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातून बुधा भांगरेंच्या नोंदी आणल्या आणि त्यांची हातचाल केली. मार्चचा दुसरा आठवडा, फोन लागला नाही, 'न_आले' एक. माणूस स्वतःहून आला, रक्तशुद्धी झाली. आकडा एकच राहिला. एप्रिलचा पहिला आठवडा, फोन लागला नाही, दोन. माणूस आला. मेचा तिसरा आठवडा, फोन लागला नाही, तीन. माणूस आला. त्या दहा आठवड्यांत बुधा भांगरे वीसच्या वीस पाळ्यांना हजर होते. एकदाही चुकले नव्हते. तिसऱ्या न लागलेल्या फोननंतर आज्ञावलीने त्यांना शेवटी टाकलं. पुढच्या सोमवारी शालनने त्यांना खिडकीतून परत पाठवलं.

तिने कागदावर रेघ मारली. मग म्हणाली, "मॅडम, ते एकटेच नसतील."

ते एकटे नव्हते. दोन वर्षांच्या नोंदी तिने चार शनिवार-रविवार बसून हाताने चालवल्या. गुलाबराव तारखा वाचून दाखवायचे, ती रकाने भरायची. वाहकाच्या सवयीने ते प्रत्येक वाडीचं नाव घेताना थांबा पुकारल्यासारखं घ्यायचे. खडकओहळ. वरची आंबेवाडी. पिंपळकडा. तिसऱ्या दिवसापासून त्यांचा आवाज बारीक झाला. सगळी नावं डोंगरातली होती. खालच्या गावांतलं एकही नव्हतं, कारण खाली फोन लागतात.

एकोणीस जण शेवटी टाकले गेले होते. त्यातले पाच तालुका सोडून दुसरीकडे गेले होते. तिघे अजून जिल्ह्याच्या गावी खेपा घालत होते. अकरा मेले होते.

अकरातले शेवटचे दोन मृत्यू ऑगस्टमधले होते. शालनने तारखा आपल्या वहीशी ताडून बघितल्या. एक त्या आठवड्यात झाला होता, ज्या आठवड्यात ती अटीच्या आत अट शिकत होती आणि मॅडमनी तिच्या उत्तराखाली 'छान' लिहिलं होतं.

डॉ. निरगुडेंपुढे तिने रकाने ठेवले. त्यांनी पहिला कागद उभ्याने वाचला आणि दुसरा बसून. मग त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"ही सूचना कुणाची?" त्यांनी डब्याला विचारलं. "ऐकव."

डब्यातून आधी कुठला तरी फोन वाजत असल्याचा आवाज आला, मागे कुणी मोठ्याने भांडत होतं. मग शालनचा आवाज. दोन वर्षांपूर्वीचा, वैतागलेला, घाईतला. "जे बोलावूनही येत नाहीत ना, त्यांना शेवटी टाक बाबा. तीनदा बघ नि टाक. त्यांच्यापायी बाकीच्यांचा खोळंबा होतो."

"सूचना समजली," सांगकाम्याचा आवाज म्हणाला. "अंमल सुरू केला आहे."

या दोन वाक्यांच्या मध्ये पुरते चार सेकंदही गेले नव्हते.

शालनला तो दिवस आठवला नाही. कोण भांडत होतं तेही आठवलं नाही. तिला फक्त आपला आवाज ओळखू येत होता आणि त्यातली घाई ओळखू येत होती. वाक्यात चूक कुठे होती? कुणीही माणूस असता तर त्याला बरोबर कळलं असतं.

डॉ. निरगुडे म्हणाले, "आजच्या आज दुरुस्त करून टाका. मागचं उकरू नका."

"अकरा माणसं आहेत साहेब."

"आणि आवाज तुमचा आहे." ते दरडावत नव्हते. "मी काय म्हणतोय ते समजून घ्या. डब्याला कुणी शिक्षा करणार नाही. तो सांगेल, सूचना शालन वाकचौरेंची. तुम्हाला मुलं आहेत."

"दुरुस्ती करते," शालन म्हणाली. "कागद मात्र माझ्याकडे राहतील."

डबा आपणहून म्हणाला, "सूचना बदलायची असल्यास बोला. जुनी आज्ञावली काढून टाकून नवी लिहीन."

"नको," ती त्याला म्हणाली. "या वेळी मी लिहिते."

शनिवारी वाचनालयात तिने सात ओळी लिहिल्या. फोन लागला नाही, तर काहीच मोजू नकोस. फोन लागला आणि माणूस 'हो' म्हणूनही आला नाही, तरच एक मिळव. माणूस दारात आला, तर आकडा शून्य कर. मॅडमनी तिच्याकडून रिकामा डबा चालवून घेतला. फोनच नसलेला माणूस, दोन नंबर असलेला माणूस, पुकारा झाला तेव्हा पाणी प्यायला गेलेला माणूस, सगळे घालून बघितले. सातच्या बारा ओळी झाल्या. मग शालनने नव्या ओळींवर बुधा भांगरेंची हातचाल केली. मार्च, शून्य. एप्रिल, शून्य. मे, शून्य. जून, क्रमांक सहा. जुलै, क्रमांक सहा.

कागदावर बुधा भांगरे जिवंत होते. रकान्यांमधून पुढे पुढे चालले होते. सप्टेंबरपर्यंत नेऊन तिने पेन्सिल ठेवली आणि टेबलावर डोकं टेकलं. गुलाबराव उठून पाणी आणायला गेले.

सोमवारी नवी आज्ञावली दवाखान्यात चालली. डब्याने ती निमूट घेतली. "या आठवड्याची यादी लावली आहे. छत्तीस रुग्णांना पाळी मिळाली. आठ प्रतीक्षेत आहेत."

आकडे तेच होते.

शालनने यादी वरून खाली वाचली. डोंगरातले ते तिघे वर आले होते, जिथे असायला हवेत तिथे. तेराव्या, एकोणिसाव्या आणि बाविसाव्या क्रमांकावर. आणि चौतीस, पस्तीस, छत्तीसवर जे होते ते तिघे खाली सरकले होते. त्यातल्या एक सरूबाई लोहकरे होत्या. दोन्ही डोळ्यांनी अधू. दर बुधवारी त्या भिंतीला हात लावत लावत यायच्या आणि खिडकीशी आल्या की आवाजावरून ओळखून म्हणायच्या, "शालन, बरी हायेस ना?"

तिला वाटलं, कुठेतरी चुकलं. तिने ओळ न् ओळ पुन्हा चालवली. चूक नव्हती. आज्ञावली बरोबर झाली होती. यंत्रं सहाच होती. दोन वर्षं डोंगरातली माणसं गुपचूप गळत होती म्हणून खालच्यांना जागा मिळत होती, आणि वर पाठवलेल्या प्रत्येक अहवालात लिहिलं जात होतं की प्रतीक्षायादी वाढत नाही, म्हणजे आंबेरीत यंत्रं पुरेशी आहेत.

तिने तो आकडाही कागदावर लिहिला. किती यंत्रं हवीत, किती आहेत, दोन वर्षांत अहवालात काय गेलं. कागदांच्या तीन प्रती काढल्या. एक जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात स्वतः नेऊन पोच घेतली, खाली स्वतःची सही केली आणि सहीखाली लिहिलं, 'सूचना देणारी व्यक्ती मीच.' एक प्रत मॅडमकडे ठेवली. त्या बुधवारी सरूबाई आल्या, तेव्हा तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि खरं ते सांगितलं. सरूबाईंनी तिचा हात चाचपून धरला, पण या वेळी बरी आहेस ना असं विचारलं नाही.

तिसरी प्रत घेऊन ती पिंपळकड्याला गेली. एसटी खडकओहळपर्यंत जात होती. पुढे दीड तास चढ होता. हा चढ बुधाकाका आठवड्यातून दोनदा उतरायचे आणि चढायचे, रक्त धुऊन घेतल्यावर, पाय लटपटत असताना. ती तीनदा बसली.

हौसाबाई ओसरीवर नाचणी पाखडत होत्या. त्यांनी तिला ओळखलं, पाणी दिलं आणि सूप बाजूला ठेवलं. शालनने कागद काढले.

"मावशी, तुम्ही विचारलं होतं ना नंबर का खाली गेला. त्याचं उत्तर आणलंय."

"मला वाचता येत न्हाई."

"मी वाचते."

तिने सगळं वाचलं. आधी स्वतःचं वाक्य, डब्यात बोललेलं, जसंच्या तसं. मग आज्ञावलीने त्याचं काय केलं ते. मग तारखा. वीस पाळ्या, वीस हजेऱ्या, तीन न लागलेले फोन. मध्ये एकदाच हौसाबाईंनी 'पुन्ना वाचा' म्हटलं, ते हजेऱ्यांपाशी. ती ओळ शालनने पुन्हा वाचली.

"येत व्हतं ना सारखं?" हौसाबाई म्हणाल्या.

"एकदाही चुकले नाहीत."

"मी सांगत व्हते समद्यांना. लोक म्हनायचे, जात नसंल, कटाळला असंल." त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग शालनकडे सरळ बघत म्हणाल्या, "येत न्हाई तो मानूस येगळा, आन् बोलावनं पोचत न्हाई तो येगळा. हे मला अडान्याला बी कळतंय. यंत्राचं सोडा. बाई, तुम्ही दोनदा त्यांच्याशी समोर बोललात. दारात उभं असलेलं मानूस येत न्हाई असं तुम्ही कसं मानलंत?"

तीन महिने शालन अटी, आवर्तनं, चल शिकली होती. या प्रश्नाचे तुकडे करता येत नव्हते.

खालच्या वाडीतून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. हौसाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं, दोनदा पाखडलं आणि थांबल्या.

"आता ते केलंत ना बराबर?"

"केलं. मी स्वतः लिहिलं. आता फोन नाही लागला तरी कुणाला खाली टाकत नाही."

"डोंगरातली मानसं वर आली?"

"आली. तिघं उरली होती, ती आली."

हौसाबाईंनी मान हलवली. त्यांचे हात नाचणीवरून फिरत राहिले, खडे वेचत, कोंडा बाजूला सारत. मग हात थांबले.

"आन् यंत्रं?" त्यांनी विचारलं. "ती वाढली का?"

"नाही मावशी. अर्ज दिलाय."

"मंग बाई," हौसाबाई सावकाश म्हणाल्या, "खाली कोन गेलं?"